चिठ्ठीवर नाव कोणाचे?

डब्लिनच्या ओ'कॉनेल स्ट्रीटवर डिसेंबर २०१३ मध्ये, नाताळच्या तोंडावर, १४ वर्षांची एक मुलगी कोसळली आणि रस्त्यावरच गेली. जवळच्या बुफे रेस्टॉरंटमध्ये तिने करीचा रस्सा समजून साते सॉस वाढून घेतला होता. साते म्हणजे शेंगदाण्याचा रस्सा. मुलीला शेंगदाणे चालत नाहीत हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. नेमके त्या संध्याकाळी तिचे ॲलर्जीवरचे ॲड्रिनलिनचे इंजेक्शन सोबत नव्हते. आईने जवळचे औषधाचे दुकान गाठले. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येणार नाही, मुलीला हॉस्पिटलात न्या, असे उत्तर मिळाल्याचे तिने पुढे सांगितले. औषध दुकानात होते, ते वापरण्याची वेळही तीच होती. नव्हता तो फक्त एक कागद.

आयर्लंडमध्ये यावर मोठी चर्चा झाली आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये नियम बदलले. आणीबाणीत चिठ्ठी नसतानाही हे इंजेक्शन देण्याची आणि टोचण्याची मुभा औषधविक्रेत्यांना मिळाली. शिवाय प्रशिक्षित माणूस नेमणाऱ्या शाळा, क्रीडासंस्था, कामाची ठिकाणे यांना ते स्वतःजवळ बाळगण्याची वाट खुली झाली.

या विषयातले कायदे बहुतेक असेच जन्मले आहेत. आधी एक मृत्यू, बहुधा लहान मुलाचा, मग आईवडिलांची वणवण, मग दुरुस्ती. म्हणून अनेक कायदे मुलांच्याच नावाने ओळखले जातात. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात 'सॅब्रिनाज लॉ' आहे. २००३ मध्ये एका १३ वर्षांच्या मुलीने शाळेच्या कॅन्टीनमध्ये बटाट्याचे फ्राइज खाल्ले. तिला दुधाची ॲलर्जी होती आणि वाढायच्या चिमट्याला चीज लागलेले असावे, असे निष्पन्न झाले. न्यूयॉर्कमध्ये 'एलायजाज लॉ' आहे, तो बालवाडीत चीज सँडविच दिल्यामुळे दगावलेल्या तीन वर्षांच्या मुलाच्या नावाचा. ब्रिटनमध्ये 'नताशाज लॉ' आहे; तो इंजेक्शनांबद्दल नसून पाकिटावरच्या घटकांच्या यादीबद्दल आहे, पण त्याचे मूळही त्याच दुखण्यात आहे. कलमे वाचताना ही नावे विसरून चालत नाही. मात्र नावांत गुंतून कलमे न वाचणेही परवडत नाही, कारण खरी गंमत आणि खरी गोची दोन्ही कलमांत आहेत.

ॲलर्जी म्हटले की मराठी घरात पहिल्यांदा आठवते ते अंगावर उठणारे पित्त. गांधी येतात, खाज सुटते, आजी आमसूल चोळते, दोन तासांत सगळे शांत होते. बहुतेकदा खरोखरच शांत होते, आणि धोका त्यातच आहे. कारण क्वचित कधी तीच गांध एका मोठ्या वादळाची पहिली खूण असते. घसा सुजतो, श्वासनलिका आवळतात, रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब कोसळतो. याला वैद्यकात ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. अन्नाने होतो, मधमाशी-गांधीलमाशीच्या डंखाने होतो, पेनिसिलिनसारख्या औषधाने होतो.

किती वेळ हाताशी असतो? मँचेस्टरचे डॉक्टर रिचर्ड पम्फ्री यांनी ब्रिटनमधल्या अशा मृत्यूंच्या नोंदी तपासून २००० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यक काळ अन्नाच्या बाबतीत ३० मिनिटे, डंखाच्या बाबतीत १५ मिनिटे आणि शिरेतून दिलेल्या औषधांच्या बाबतीत ५ मिनिटे निघाला. या विषयावरचा प्रत्येक कायदा या तीन आकड्यांशी झगडतो. ॲम्ब्युलन्स कितीही तत्पर असली तरी पाच-पंधरा मिनिटांत ती दारात पोचेल याची हमी कोणत्याच शहराला देता येत नाही. म्हणून औषध आधीपासून जागेवर हवे आणि ते देणारा माणूस डॉक्टर नसला तरी चालायला हवा.

औषध एकच आहे, ॲड्रिनलिन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत टोचायचे असते. पँटवरून टोचले तरी चालते. ते रक्तवाहिन्या आवळते, श्वासनलिका उघडते, सूज उतरवते. भारतात ॲलर्जीसाठी दवाखान्यांत सर्रास दिले जाणारे एव्हिल खाज थांबवते, पण कोसळता रक्तदाब सावरत नाही. मोठ्या माणसाला ०.३ मिलिग्रॅम, लहान मुलाला ०.१५, गरज पडली तर पाच ते पंधरा मिनिटांत दुसरी मात्रा. रुग्णाला आडवे ठेवायचे, एकदम उठवून बसवायचे किंवा चालवायचे नाही. या उपचाराबद्दल सामान्य माणसाला कळायला हवे ते जवळजवळ एवढेच. मग कायद्याचे इतके लचांड कशाला?

उत्तर औषधाच्या इतिहासात थोडेफार सापडते. ॲनाफिलॅक्सिस ही कल्पनाच विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. मोनॅकोचे राजपुत्र पहिले आल्बेर यांच्या संशोधन-नौकेवर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास सुरू केला. कुत्र्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांना त्याची सवय लावावी, हा बेत होता. झाले उलटे. पहिली मात्रा सोसलेले कुत्रे काही आठवड्यांनी तितकीच, किंबहुना कमी मात्रा मिळताच मिनिटांत मेले. रिशे यांना यासाठी १९१३ चे नोबेल मिळाले. या प्रयोगांच्याच सुमारास अमेरिकेत जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रिनलिन शुद्ध रूपात वेगळे काढले. आजार आणि औषध यांची ओळख अशी जवळजवळ एकाच वेळी पटली. औषध रुग्णाच्या खिशात पोचायला मात्र आणखी आठ दशके लागली.

तेही युद्धाच्या वाटेने. शीतयुद्धाच्या काळात रासायनिक हल्ल्यात सापडलेल्या सैनिकाला स्वतःच्या मांडीत उतारा टोचता यावा, म्हणून अमेरिकेत स्प्रिंगवर चालणारी इंजेक्शने बनवली गेली. मेरीलँडमधल्या एका कंपनीतल्या शेल्डन कॅप्लन या अभियंत्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती रचना ॲड्रिनलिनसाठी वळवून घेतली आणि १९८७ मध्ये एपिपेनला अमेरिकी औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली. जाडसर मार्करएवढी नळी. झाकण काढायचे, मांडीवर दाबायचे, काही क्षण तसेच धरायचे. सुई दिसतही नाही. भेदरलेल्या, अर्धवट शुद्धीतल्या सैनिकाला जमावे म्हणून केलेली वस्तू शाळेतल्या शिपायाला, बसच्या वाहकाला सहज जमावी.

वस्तू लोकांच्या हातासाठी घडली, पण कायदा तिला डॉक्टरच्या कपाटातलेच औषध मानत राहिला. चिठ्ठीवर मिळणारे औषध हे कोणा एका माणसासाठी असते. डॉक्टर रुग्णाला तपासतो, त्याचे नाव लिहितो, त्या नावाने औषध दिले जाते आणि त्या औषधाने दुसऱ्याचे काही बरेवाईट झाले तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. ही चौकट एरवी शहाणपणाचीच आहे. पण ॲलर्जीचा पहिला झटका कोणाला येणार हे कोणत्याच चिठ्ठीला आधी माहीत नसते. मॅसॅच्युसेट्समधल्या शाळांच्या नोंदी पाहिल्या तर दोन शालेय वर्षांत ॲड्रिनलिन द्यावे लागलेल्या ११५ प्रसंगांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा अशांचा होता, ज्यांना ॲलर्जी आहे हे शाळेला ठाऊकच नव्हते. शिकागोचे आकडे आणखी बोलके आहेत. तिथल्या सरकारी शाळांनी कोणाच्याही नावाची नसलेली इंजेक्शने ठेवायला सुरुवात केली. २०१२-१३ या वर्षात ती ३८ जणांना दिली गेली. त्यांतल्या २१ जणांचा तो आयुष्यातला पहिलाच झटका होता. त्यांच्या नावाची चिठ्ठी असणे शक्यच नव्हते.

शिकागोने हे उगाच केले नव्हते. डिसेंबर २०१० मध्ये तिथल्या एका शाळेतल्या वर्गाच्या मेजवानीत बाहेरून मागवलेल्या चिनी जेवणात शेंगदाण्याचा अंश होता आणि सातवीतली एक मुलगी दगावली. पुढच्याच वर्षी इलिनॉय राज्याने शाळांना बिननावी इंजेक्शने ठेवण्याची परवानगी दिली. व्हर्जिनियात जानेवारी २०१२ मध्ये सात वर्षांची मुलगी शाळेच्या आवारात शेंगदाण्याने गेली. तिच्या नावाचे औषध शाळेत नव्हते, दुसऱ्याच्या नावाचे तिला देता येत नव्हते. त्याच वर्षी व्हर्जिनियाने पुढचे पाऊल टाकले आणि औषध ठेवणे सरकारी शाळांना बंधनकारक केले.

परवानगी आणि सक्ती या दोन गोष्टींतले अंतर हा या साऱ्या विषयाचा कणा आहे. अमेरिकेतल्या बहुसंख्य राज्यांनी शाळांना 'ठेवता येईल' म्हटले. 'ठेवलेच पाहिजे' म्हणणारी व्हर्जिनिया, कॅलिफोर्निया, मेरीलँड, नेब्रास्का, नेवाडा अशी मोजकीच. वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारला तरी सक्ती करता आली असती का? तेही नाही, कारण शाळा आणि वैद्यकीय परवाने हे दोन्ही राज्यांचे विषय. म्हणून नोव्हेंबर २०१३ मध्ये ओबामांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने आमिषाचा मार्ग धरला. जे राज्य शाळांना औषध ठेवायला लावेल, कर्मचारी प्रशिक्षित करील आणि त्यांना दाव्यांपासून संरक्षण देईल, त्याला दम्याच्या मुलांसाठीच्या केंद्रीय अनुदानात प्राधान्य. सही करताना ओबामांनी आपल्या थोरल्या मुलीलाही शेंगदाण्याची ॲलर्जी असल्याचे सांगितले. आमिष छोटे होते. पण त्यानंतर राज्याराज्यांतल्या विधेयकांना वेग आला हे खरे.

शाळेपाठोपाठ बाकीची सार्वजनिक ठिकाणे आली. फ्लोरिडात किडा चावल्यावरच्या उपचारांपुरता एक जुना कायदा होता. २०१४ मध्ये त्याचे नाव आणि आवाका दोन्ही बदलून त्याला आणीबाणीच्या ॲलर्जी-उपचारांचा कायदा केले गेले. रेस्टॉरंट, मनोरंजन पार्क, उन्हाळी शिबिरे, क्रीडांगणे अशा जागांच्या चालकांना संस्थेच्या नावाने चिठ्ठी मिळू लागली. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये तसेच केले आणि आज तिसाहून अधिक राज्यांत या धर्तीचे कायदे आहेत. त्यांचा साचा साधारण सारखाच. डॉक्टर रुग्णाला न पाहता संस्थेच्या नावे औषध लिहू शकतो. संस्थेने प्रशिक्षित माणूस नेमायचा. त्याने सद्भावनेने इंजेक्शन दिले तर त्याच्यावर, डॉक्टरवर आणि औषधविक्रेत्यावर नुकसानभरपाईचा दावा चालत नाही. मात्र हलगर्जीपणाची परिसीमा किंवा मुद्दाम केलेली इजा यांना संरक्षण नाही. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात एखादा हॉटेलवाला दर दीड वर्षाने मुदत संपणारे, शेकडो डॉलरचे औषध स्वखर्चाने का विकत घेईल, याला कायद्याकडे उत्तर नाही. सक्ती नसलेल्या ठिकाणी या इंजेक्शनांची पेटी अजूनही अपवादानेच दिसते.

ब्रिटनमधला प्रकार तर एखाद्या विनोदी लेखकाला सुचावा असा. तिथल्या २०१२ च्या औषध नियमांना एक परिशिष्ट आहे. कोणाचा जीव वाचवण्यासाठी कोणीही टोचू शकेल अशा औषधांची यादी त्यात आहे आणि सर्पविषावरच्या उताऱ्याबरोबर ॲड्रिनलिनही तिच्यात आहे. म्हणजे रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला ॲड्रिनलिन टोचणे गुन्हा नाही. पण ते त्याच्याकडे येणार कुठून? विकत घ्यायला चिठ्ठी हवी, आणि चिठ्ठी रुग्णालाच मिळते. टोचण्याची मुभा सर्वांना, बाळगण्याची मुभा रुग्णाखेरीज कोणालाच नाही. ऑक्टोबर २०१७ पासून शाळांना चिठ्ठीशिवाय इंजेक्शने विकत घेता येऊ लागली आणि गाठ थोडी सैल झाली. त्याच वर्षी जूनमध्ये पश्चिम लंडनच्या एका शाळेत १३ वर्षांच्या मुलाच्या अंगावर वर्गमित्राने चीजचा तुकडा टाकला आणि त्यातून आलेल्या झटक्यात तो दगावला. त्याच्या नावाचे इंजेक्शन शाळेत होते, पण मुदत उलटून गेलेले. बिननावी साठ्याची बाजू मांडायला याहून कडवट उदाहरण सापडणे कठीण. तरी २०१७ च्या दुरुस्तीने सवलत शाळांनाच दिली. रेस्टॉरंटे, विद्यापीठे बाहेरच राहिली.

ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा यांनी चिठ्ठीचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. दोन्हीकडे हे औषध चिठ्ठीशिवाय मिळते, फक्त ते फळीवरून उचलता येत नाही; फार्मासिस्टकडून मागून घ्यावे लागते. फार्मासिस्ट दोन प्रश्न विचारतो, वापर समजावतो, देतो. चिठ्ठी गेली, तज्ज्ञाची नजर राहिली. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २००८ च्या कायद्याने शाळांवर ॲनाफिलॅक्सिसच्या व्यवस्थेची जबाबदारी टाकली आणि पुढे मुलांच्या नावाच्या इंजेक्शनांखेरीज जादा साठा ठेवणेही शाळांना भाग पडले. ओंटारियोने २००६ पासून प्रत्येक शाळेला कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि प्रत्येक मुलाची वैयक्तिक योजना बंधनकारक केली.

जपानमध्ये अडचण आणखी मुळाशी होती. तिथे इंजेक्शन देणे हेच मुळी वैद्यकीय कृत्य. शिक्षकाने ते दिले तर विनापरवाना वैद्यकीचा गुन्हा होईल का? आणीबाणीत मुलाचेच एपिपेन शिक्षकाने टोचले तर गुन्हा नाही, असा खुलासा २००९ मध्ये सरकारने केला. डिसेंबर २०१२ मध्ये टोकियोजवळच्या चोफू शहरात पाचवीतल्या मुलीने शाळेच्या जेवणात चीज घातलेले धिरडे दुसऱ्यांदा मागून घेतले. झटका आला. एपिपेन तिच्या दप्तरात होते. शिक्षकाने टोचू का विचारले, ती नको म्हणाली, शिक्षक थांबला. मुख्याध्यापकांनी येऊन इंजेक्शन दिले तोवर उशीर झाला होता. कायद्याने दार उघडले होते, औषध हाताशी होते, पण हात धजावला नाही. यानंतर जपानी शाळांत खोट्या पेनांनी सराव करून घेण्यावर जोर आला. परवानगीच्या कलमापेक्षा प्रशिक्षणाचे कलम कमी महत्त्वाचे नाही, हे चोफूने जितके दाखवले तितके दुसऱ्या कोणत्या घटनेने क्वचितच दाखवले असेल.

आता पैशाची गोष्ट, जी या कायद्यांच्या गौरवगाथांतून नेहमी गाळली जाते. एपिपेनचा व्यवसाय २००७ मध्ये मायलन कंपनीकडे आला तेव्हा दोन पेनांच्या खोक्याला अमेरिकेत सुमारे १०० डॉलर पडत. २०१६ मध्ये ते ६०८ डॉलर झाले. आतल्या ॲड्रिनलिनची किंमत जेमतेम डॉलरभर. शाळांना औषध ठेवायला लावणाऱ्या विधेयकांसाठी मायलनने जोर लावला होता. शाळांना फुकट पेने वाटण्याची योजनाही चालवली होती. सवलतीच्या दराने जादा पेने घेणाऱ्या शाळांनी स्पर्धक कंपनीचा माल घेऊ नये, अशी अट त्या योजनेत होती, हे २०१६ मध्ये बाहेर आले. सप्टेंबर २०१६ मध्ये कंपनीच्या प्रमुख हेदर ब्रेश यांना अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे उत्तरे द्यावी लागली. गरिबांच्या आरोग्ययोजनेत चुकीच्या वर्गवारीने कमी सूट दिल्याच्या प्रकरणात कंपनीने ४६.५ कोटी डॉलर भरून तडजोड केली. यावरून शाळांचे कायदे वाईट ठरत नाहीत. पण मुलांचा जीव वाचवणारे कलम एखाद्या कंपनीला हमखास गिऱ्हाईकही मिळवून देते, आणि किमतीबद्दल गप्प बसलेला कायदा अर्धाच असतो. कोलोरॅडोने ही उणीव ओळखून २०२४ पासून या इंजेक्शनांवर ६० डॉलरची मर्यादा घातली. सिअ‍ॅटलच्या किंग काउंटीने तर त्याआधीच आपल्या ॲम्ब्युलन्स कर्मचाऱ्यांच्या हातातून महागडी पेने काढून साधी कुपी आणि खुणा केलेली सिरिंज दिली होती. पैसे वाचले, काम अडले नाही.

भारतात हा विषय कुठे बसतो? ॲड्रिनलिनची एक मिलिग्रॅमची काचेची कुपी आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि ती अत्यंत स्वस्त आहे. खिशात बाळगायचे पेन मात्र इथल्या दुकानांत वर्षानुवर्षे मिळत नसल्यामुळे ज्यांच्या मुलांना गंभीर ॲलर्जी आहे अशी कुटुंबे ते परदेशातल्या नातेवाइकांकडून किंवा वैयक्तिक आयातीचा परवाना काढून मागवत आली आहेत. पुण्या-मुंबईहून अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांना तिथल्या शाळेत पहिल्याच आठवड्यात ॲलर्जीचा फॉर्म भरावा लागतो. तेच कुटुंब सुट्टीत घरी आले की खोबऱ्या-शेंगदाण्याच्या स्वयंपाकघरात पेन कोणत्या कपाटात ठेवायचे आणि आजोबांना ते कसे शिकवायचे, याची चिंता सुरू होते. ते पेन २५ अंशांच्या आसपास ठेवायचे असते. मे महिन्यातल्या नागपुरात, उभ्या मोटारीत, ते किती टिकेल?

आपला कायदा या बाबतीत चोख आहे, आणि चोखपणामुळेच अडतो. १९४५ च्या औषध नियमांतला ६५ वा नियम सांगतो की चिठ्ठीवर ज्याच्या उपचारासाठी औषध आहे त्याचे नाव आणि पत्ता हवा. औषध जनावरासाठी असेल तर मालकाचा. म्हशीच्या मालकाची सोय आहे, शाळेच्या मुख्याध्यापकाची नाही. मदत करणाऱ्याला संरक्षण देण्याचा विचार आपल्याकडे झाला, पण तो रस्त्यावरच्या अपघातांपुरता. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. अपघातग्रस्ताला उचलून नेणाऱ्यावर दावा चालत नाही. मंगल कार्यालयात घसा सुजलेल्या पाहुण्याला इंजेक्शन देणाऱ्याबद्दल ते कलम काही बोलत नाही. त्याला मग भारतीय न्याय संहितेतल्या सद्भावनेच्या सर्वसाधारण अपवादाकडे बोट दाखवावे लागेल.

तरीही कल्पना आपल्याला परकी नाही. लसीकरणानंतर क्वचित येणाऱ्या झटक्यासाठी गावातल्या एएनएम ताईंना, म्हणजे साहाय्यक परिचारिकांना, ॲड्रिनलिनची एक मात्रा स्नायूत देण्याची मुभा सरकारने दिली आहे. त्यांच्या संचात कुपी, सिरिंज आणि वयानुसार मात्रेचा तक्ता असतो. आधी इंजेक्शन, मग रुग्णाला पुढे हलवणे. कोविडची लस घेतल्यावर कोट्यवधी लोक अर्धा तास खुर्चीवर बसून राहिले ते याच झटक्याच्या शक्यतेपायी. डॉक्टर येईपर्यंत थांबायचे नाही, हे तत्त्व आपल्या व्यवस्थेने लसीपुरते मान्य केले आहे.

दरम्यान साधनही बदलते आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेने नाकात मारायच्या ॲड्रिनलिनच्या फवाऱ्याला, 'नेफी'ला, मंजुरी दिली. सुई गेली की लोकांची भीतीही बरीच जाईल, आणि इंजेक्शन हे वैद्यकीय कृत्य की नाही हा वादही. पण तिथल्या राज्यांचे अनेक कायदे 'ऑटो-इंजेक्टर' असा शब्द घालून लिहिलेले. त्या शब्दात फवारा बसत नाही. शाळेला पेन ठेवायची परवानगी, फवाऱ्याची नाही, असा नवा पेच उभा राहिला आणि जुनी कलमे उघडून दुरुस्त करावी लागू लागली.

महाराष्ट्राने यातले काय उचलावे? शाळेपासून सुरुवात करण्याचा अमेरिकी क्रम जसाच्या तसा लागू पडेल असे दिसत नाही. म्हैसूर-बंगळूर भागातल्या शाळकरी मुलांच्या पाहणीत अन्नाच्या ॲलर्जीचे प्रमाण हजारी दीडच्या आसपास निघाले, पाश्चात्त्य देशांच्या मानाने फारच कमी. आपल्याकडे औषधांच्या प्रतिक्रिया आणि डंख यांकडे आधी पाहावे लागेल. म्हणजे ॲड्रिनलिनची पहिली पेटी इंजेक्शन देणाऱ्या छोट्या दवाखान्यात आणि दातांच्या डॉक्टरकडे असायला हवी, आणि त्यानंतर वनरक्षकांच्या चौकीत, मध गोळा करणाऱ्यांच्या वस्तीत, सह्याद्रीतल्या गडांच्या पायथ्याला, जिथे आग्या मोहोळ उठल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. शेकडो डंखांच्या विषबाधेवर ॲड्रिनलिन पुरे पडत नाही, पण एका डंखाने कोसळणाऱ्यासाठी तेच औषध आहे. आणि १०८ ची ॲम्ब्युलन्स गडाच्या माचीवर चढत नाही. महागड्या पेनाची वाट पाहण्याचेही कारण नाही. किंग काउंटीची खुणांची सिरिंज आणि एएनएमचा तक्ता एकत्र केले की संच तयार होतो. नियम ६५ मध्ये रुग्णाच्या आणि जनावराच्या मालकाच्या जोडीला नेमलेल्या संस्थेचे नाव बसवायचे, आयर्लंडप्रमाणे त्या संस्थांची यादी जाहीर करायची आणि १३४-अ चे संरक्षण रस्त्याच्या कडेवरून आत, दवाखाना, चौकी आणि शाळेपर्यंत आणायचे. औषध नियमांची दुरुस्ती केंद्राने करायची आहे. प्रशिक्षण आणि साठा यांची व्यवस्था राज्याला आजही सुरू करता येते.